जुनी व्हॅन, चालू धंदा: गाडी चोरीला जाण्याआधी करायची कामं



मागच्या व्हिडिओत आपण डिलिव्हरीसाठी नवी गाडी घ्यायची की जुनी, याचं गणित मांडलं होतं. त्यावर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न एकच होता. "सर, जुनी ओम्नी घेतोय, पण चोरीला गेली तर?" तिथं मी दोन वाक्यांत उत्तर देऊन पुढे गेलो. ते काही बरोबर झालं नाही. कारण माझी स्वतःची गाडी गेलेली आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, माझं साताऱ्यात पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. दिवाळीच्या आधीचा आठवडा म्हणजे आमचा वर्षाचा सीझन. चार मिठाईवाल्यांचे बॉक्स रात्री ओम्नीत भरून ठेवले, सकाळी सहाला निघायचं म्हणून. सकाळी खाली आलो तर रस्त्यावर फक्त ऑइलचा डाग. पहिली पाच मिनिटं मला वाटलं की भावाने गाडी दुसऱ्या गल्लीत लावली असेल.

आता बीबीए केलेला माणूस, आकडेमोड सुटत नाही. गाडीचा बाजारभाव होता ८०,००० रुपये. आतला माल ३२,००० चा. भाड्याचा छोटा हत्ती दिवसाला १,६०० घ्यायचा, माझ्या गाडीला पेट्रोल लागायचं ५०० चं. म्हणजे रोजचे १,१०० जास्त. दुसरी गाडी मिळेपर्यंत ४५ दिवस गेले, त्याचे ४९,५००. बेरीज करा, १,६१,५०० होतात. ८०,००० च्या गाडीमागे दुप्पट नुकसान. शिवाय चारपैकी एक मिठाईवाला त्या दिवाळीनंतर परत आलाच नाही, तो या हिशेबात धरलेलाच नाही. विमा? थर्ड पार्टी होता. म्हणजे चोरीसाठी शून्य.

म्हणून "जुनी तर गाडी आहे, तिला कशाला एवढा खर्च" हे वाक्य डोक्यातून काढून टाका. सुरक्षेचा खर्च गाडीच्या किमतीशी ताडायचा नसतो, गाडी दीड महिना नसली तर धंद्याचं काय होईल त्याच्याशी ताडायचा असतो.

चोराला जुनी गाडीच का हवी असते

नव्या गाडीच्या किल्लीत एक छोटी चिप असते. किल्ली फिरवली की गाडीतला कॉम्प्युटर त्या चिपचा कोड तपासतो, जुळला तरच इंजिन चालू होऊ देतो. याला इमोबिलायझर म्हणतात. दिसायला सेम किल्ली कापून आणली तरी गाडी चालू होत नाही. पंधरा-वीस वर्षं जुन्या व्हॅनमध्ये हे बहुतेक वेळा नसतंच. तिथं किल्लीचं काम फक्त दोन वायरी जोडण्याचं. त्यात वर्षानुवर्षं वापरून लॉक झिजलेलं असतं. माझ्या ओम्नीची किल्ली तर गाडी चालू असताना बाहेर निघायची आणि आम्ही त्यावर हसायचो.

दुसरं कारण पार्टचं. ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये बंद झालं, पण रस्त्यावर गाड्या आजही भरपूर आहेत. दरवाजे, गिअरबॉक्स, इंजिन, सगळ्याला गिऱ्हाईक आहे. अख्खी गाडी विकायला कागद लागतात, सुटे पार्ट विकायला लागत नाहीत.

ईको वापरणाऱ्यांनी तर नीट ऐका. ईकोचा सायलेन्सर चोरीला जाण्याच्या बातम्या महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये सतत येत असतात. त्याच्या आत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, म्हणजे धूर स्वच्छ करणारा भाग. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असतात. काही ठिकाणी तर चोर आतली माती काढून घेतात आणि रिकामा सायलेन्सर परत लावून ठेवतात. मालकाला कळतं ते गाडीचा आवाज बदलल्यावर किंवा पीयूसीच्या वेळी. यावर गॅरेजमध्ये लोखंडी जाळीचा गार्ड बनवून मिळतो, तो लावून घ्या. बोल्टची डोकी साध्या पान्याने खोलता येणार नाहीत अशी करायला सांगा.

आधी फुकटची कामं

गाडी बंद करून किल्ली काढली की स्टिअरिंग थोडं फिरवा, "टक" असा आवाज येईपर्यंत. ते गाडीचं स्वतःचं लॉक आहे, फुकट आहे आणि निम्मे लोक वापरत नाहीत. तुमच्या गाडीत तो आवाज येतच नसेल तर लॉक बिघडलंय, हे आजच कळलं असं समजा. पार्किंग करताना पुढची चाकं भिंतीकडे किंवा फूटपाथकडे पूर्ण वळवून लावा, म्हणजे गाडी सरळ ढकलून किंवा ओढून नेता येत नाही. शक्य तिथं उजेडात आणि कॅमेऱ्यासमोर लावा. आणि रात्री गाडीत माल ठेवू नका. हे शेवटचं मी ३२,००० रुपये फी भरून शिकलोय.

डिलिव्हरीच्या धंद्यात गाडी जाते ती फक्त रात्रीच असं नाही. दुपारी गिऱ्हाइकाच्या दारात इंजिन चालू ठेवून "दोन मिनिटांत आलो" म्हणत पोरगा बॉक्स द्यायला आत जातो. यात चोराला काही फोडावंच लागत नाही. माझ्याकडे आता नियम आहे: गाडीतून उतरलं की किल्ली ड्रायव्हरच्या गळ्यातल्या दोरीला. पहिल्या आठवड्यात कुरकुर झाली, मग सवय झाली. नियम मालकालाही लागू आहे बरं का, नाहीतर पोरं दोन दिवसांत सोडून देतात.

जुनी गाडी घेताना विचारायचा एक प्रश्न

"दुसरी किल्ली कुठंय?" टायर, इंजिन, बॉडी सगळं बघतो आपण, हे विचारत नाही. एकच किल्ली हातात आली तर दुसरी कोणाकडे आहे हे तुम्हाला माहीत नाही. आधीचा मालक, त्याचा ड्रायव्हर, मधला एजंट, कोणीही. अशा वेळी लॉकसेट बदलून टाका आणि बिल जपून ठेवा. पुढे चोरीचा क्लेम करायची वेळ आली तर विमा कंपनी सगळ्या किल्ल्या मागते. एकच दिली की प्रश्न सुरू होतात: दुसरी गाडीतच राहिली होती का? तेव्हा ते बिल कामाला येतं. सोबत चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर प्रत्यक्ष बघून आरसीशी जुळवून घ्या. तुम्ही घेताय तीच गाडी कोणाची चोरीला गेलेली नाही ना, एवढं तरी कळायला हवं.

छुपा स्विच: कमी पैशात सगळ्यात कामाची गोष्ट

चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन गाडीच्या एका महत्त्वाच्या वायरवर रिले बसवून त्याचा छोटा स्विच लपवून देतो. स्विच बंद असेल तर किल्ली फिरवूनही गाडी चालू होत नाही. मला याला ९०० रुपये लागले.

पण कुठली वायर, इथं लोक चुकतात. बरेच जण सेल्फची वायर तोडून स्विच लावतात. आपल्या गाड्या गिअरच्या, धक्का मारून चालू होतात. उतारावर लावलेली असेल तर चोराला धक्का मारणाराही लागत नाही. काही जण पेट्रोल पंपावर लावतात. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीला ते चालतं, पण जुन्या कार्बोरेटरच्या ओम्नीचा पंप मेकॅनिकल असतो, त्याला वायरच नाही. सीएनजी किंवा एलपीजी किट असेल तर पेट्रोल बंद झालं तरी जुन्या प्रकारच्या किटवर गाडी गॅसवर चालू होऊ शकते. म्हणून अशा गाडीत इग्निशन कॉइलची लाइन तोडणं जास्त भरवशाचं. इलेक्ट्रिशियनला "माझी गाडी कुठल्या प्रकारची आहे, त्यात काय बंद केलं तर ती धक्क्यावरही चालू होणार नाही?" असं विचारा. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडून काम करून घेऊ नका.

दोन सावधगिऱ्या. चालत्या गाडीत पाय किंवा सामान लागून स्विच पडेल अशा जागी तो नको, हायवेवर इंजिन बंद पडणं म्हणजे चोरीपेक्षा मोठं संकट. आणि वायर योग्य जाडीची, फ्यूज लावलेली हवी. जुन्या वायरिंगमध्ये घाईत केलेलं जोडकाम आगीला आमंत्रण देतं.

गिअर लॉक याच्या जोडीला लावा. ते बाहेरून काचेतून दिसतं, हाच त्याचा फायदा. छुपा स्विच चोराला आत आल्यावर अडवतो, गिअर लॉक त्याला आत यायच्या आधी विचार करायला लावतं. कापता येत नाही असं काही नसतं, पण कापायला वेळ लागतो, आवाज होतो, आणि शेजारी बिनकुलपाची दुसरी गाडी उभी असते.

जीपीएस ट्रॅकर

ट्रॅकर चोरी थांबवत नाही, चोरीनंतर गाडी कुठं आहे ते सांगतो. हे नीट समजून मग पैसे घाला. बॅटरीला जोडायचा, सिमकार्ड घालायचा साधा ट्रॅकर मी २,५०० ला घेतला. आतमध्ये स्वतःची छोटी बॅटरी असलेलाच घ्या, कारण चोराचं पहिलं काम गाडीच्या बॅटरीची वायर काढणं असू शकतं. वायर निघाली की मोबाईलवर अलर्ट येतो, तो रात्री सायलेंटवर असून चालत नाही. आणि सिमचा रिचार्ज! आमच्या बॅचमधल्या एका केटररच्या गाडीत ट्रॅकर होता, रिचार्ज दोन महिन्यांपूर्वी संपलेला. मोबाईलवर दुकानाच्या रिचार्जसोबत याचीही आठवण लावून ठेवा.

ट्रॅकरचे जास्तीचे फायदे धंद्याला होतात: पोरगा कुठं पोचला, किती किलोमीटर फिरला, सगळं दिसतं. माझा ट्रॅकरचा खर्च पेट्रोलच्या हिशेबातूनच वसूल झाला. लोकेशन मिळालं तरी एकट्याने गाडी आणायला जाऊ नका, पोलिसांना घेऊन जा.

विम्याची बाजू

कायद्याने सक्तीचा आहे तो फक्त थर्ड पार्टी विमा. तो तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर उपयोगी. चोरीसाठी आपण ज्याला बोलीभाषेत "फुल इन्शुरन्स" म्हणतो तो लागतो. त्यात गाडी चोरीला गेल्यास जास्तीत जास्त किती मिळणार तो आकडा पॉलिसीवर छापलेला असतो, त्याला आयडीव्ही म्हणतात. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीचा आयडीव्ही ठरलेल्या घसाऱ्याने निघतो. पाच वर्षांवरच्या गाडीचा मात्र तुम्ही आणि कंपनी यांच्या संमतीने ठरतो. म्हणजे इथं बोलायला जागा आहे. एजंटने प्रीमियम कमी दाखवायला आयडीव्ही पाडून टाकला, आपण खूश होऊन सही केली, असं करू नका. अधिकृत मान्यतेचं अँटी-थेफ्ट उपकरण असेल तर प्रीमियममध्ये थोडी सूट मिळते, पण ती इतकी कमी आहे की त्यासाठी काही विकत घेऊ नका.

खासगी नोंदणीची गाडी तुम्ही भाड्याने माल वाहायला वापरत असाल तर क्लेमच्या वेळी कंपनी त्यावर बोट ठेवते. पॉलिसी घेतानाच वापर काय आहे ते खरं सांगा.

गाडी गेलीच तर

आधी ११२ ला फोन, मग पोलीस ठाण्यात एफआयआर, त्याच दिवशी. हद्दीवरून टोलवाटोलवी झाली तर झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. मग विमा कंपनीला कळवा, फोनवर आणि लेखी दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये जैना कन्स्ट्रक्शन कंपनीच्या प्रकरणात म्हटलंय की एफआयआर लगेच नोंदवलेला असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून चोरीचा क्लेम नाकारता येत नाही. तरी उशीर करू नका, कोर्टापर्यंत जायला आपल्यासारख्या दुकानदाराकडे वेळ कुठाय? आरटीओलाही लेखी कळवून पोच घ्या.

फास्टॅग असेल तर तो घाईने बंद करू नका. गाडी आनेवाडी किंवा तासवडे टोलवरून गेली तर पैसे कापल्याचा मेसेज तुमच्या मोबाईलवर येईल. तो पोलिसांना दाखवा, दिशा कळते.

गाडी सापडली नाही तर पोलीस काही काळाने कोर्टात अहवाल देतात, आपल्याकडे त्याला "ए समरी" म्हणतात, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. क्लेमसाठी कंपनी हा कागद मागते आणि त्याला वेळ लागतो. तोपर्यंत भाड्याच्या टेम्पोचे पैसे खिशातूनच जाणार. म्हणून मी दर महिन्याला १,००० रुपये "गाडी बंद" नावाच्या वेगळ्या खात्यात टाकतो. इंजिनचं काम निघालं तरी तेच वापरतो.

आरसी, पॉलिसी, चॅसी नंबरचा फोटो, गाडीवरची प्रत्येक खूण, डेंट, स्टिकर यांचे फोटो मोबाईलवर आणि मेलवर ठेवा. दुसरी किल्ली दुकानाच्या गल्ल्यात नाही, घरी ठेवा.

छुप्या स्विचचं वायरिंग व्हिडिओत दाखवा, असं काही जणांनी सांगितलंय. मी मुद्दाम दाखवणार नाही. सगळ्यांनी बघून एकाच जागी स्विच लावला तर चोरही तोच व्हिडिओ बघून येईल. जागा तुमची तुम्ही ठरवा आणि फक्त रोज गाडी चालवणाऱ्याला सांगा. बाकी तुमच्या गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंधन लिहून प्रश्न पाठवा, पुढच्या रविवारच्या लाइव्हमध्ये घेतो.