मोंबासातला आपला कावळा

पितृपक्षात गच्चीवर पान मांडून ‘काव काव’ करत बसलेल्या पुणेकराला सांगून पटणार नाही, पण जून 2024 मध्ये केनियाच्या वन्यजीव खात्याने जाहीर केलं, की वर्ष सरायच्या आत दहा लाख कावळे संपवायचे. हे कावळे आफ्रिकेतले नव्हेत. राखाडी मानेचा, खिडकीच्या गजावर बसून पोळीचा तुकडा मागणारा आपला गावकावळाच तो. 1890 च्या दशकात कुणाला तरी वाटलं, की हा कचरा खातो, शहर साफ ठेवील. म्हणून त्याला झांझिबार बेटावर नेलं. तिथून तो पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पसरला. आता मोंबासा, मालिंदी भागात तो तिथल्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं पळवतो, कोंबड्यांची पिल्लं उचलतो. इकडे आपण एका कावळ्यासाठी ताटकळतोय.

साळुंकीची गोष्टही तशीच. भाजीमळ्यांतल्या किडी खाईल म्हणून 1862 मध्ये तिला मेलबर्नला नेलं. आज जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. तेव्हा ‘देशी ते चांगलं, विदेशी ते वाईट’ असं ठासून सांगणारा कुणी भेटला, की मी आधी विचारतो, देशी म्हणजे नक्की कुठलं?

हा प्रश्न आपल्याला वाटतो तितका सोपा नाही, आणि त्याचं सर्वांत चांगलं उदाहरण पुण्याच्याच नदीतून निघालं. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 मध्ये दख्खनच्या माशांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यात मुळा-मुठेतल्या महाशीर माशाचीही नोंद होती. त्याच्या शास्त्रीय नावातला ‘खुद्री’ हा शब्द इथल्याच बोलीतून उचललेला. धरणं आणि सांडपाण्याने हा मासा नद्यांतून आटत गेला, तेव्हा लोणावळ्यात त्याची कृत्रिम पैदास सुरू झाली. काम नावाजलं गेलं आणि पिल्लं देशभरातल्या नद्यांत सोडली गेली. त्यांतली काही कावेरीत गेली. कावेरीत पाठीवर वशिंड असलेला अवाढव्य महाशीर राहतो, जगात दुसरीकडे कुठेच नाही असा. अॅड्रियन पिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गळ टाकून मासे पकडणाऱ्या हौशी लोकांच्या 1998 ते 2012 या काळातल्या वह्या तपासल्या. त्यात दिसलं, की आपल्या निळसर परांच्या महाशीराची संख्या वाढत गेली आणि वशिंडवाला जवळजवळ दिसेनासा झाला. 2018 मध्ये त्याची ओळख शास्त्रीयदृष्ट्या पक्की झाली आणि तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. त्याच्या नशिबी धरणं होती, बेकायदा सुरुंगी मासेमारी होती, सगळं एका पाहुण्यावर ढकलता येणार नाही. तरी तो पाहुणा भारतीय होता, मराठी मुलखातला होता आणि संवर्धनाच्या नावाखाली गेला होता.

म्हणजे नदीला आणि बेटाला देशाची सीमा कळत नाही. अंदमानात चितळ नव्हते. ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते तिथे सोडले. बेटावर ना वाघ, ना बिबट्या. चितळ वाढत गेले. रौफ अली यांनी तिथल्या जंगलात केलेल्या अभ्यासात दिसलं, की चितळ कोवळी रोपं खात राहतात आणि नवी झाडं वरच येत नाहीत. पावसाच्या पहिल्या सरीत हळदीसारखा पिवळाधमक होणारा आपला मोठा बेडूकही तिथे पोचलाय. नित्य मोहंती आणि जॉन मीझी यांनी त्याची पिल्लं अंदमानच्या प्रदेशनिष्ठ बेडकांच्या पिल्लांबरोबर ठेवून पाहिली, तर आपल्यावाल्यांनी बाकीच्यांचा फडशा पाडला. आणि कायदा काय म्हणतो? वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 ला झालेल्या दुरुस्तीत आक्रमक परकी प्रजातीची व्याख्या आली, ती ‘मूळची भारतातली नसलेली’ अशी. या व्याख्येत अंदमानचा चितळ बसतच नाही.

बरं, उलट बाजूही पाहू. परकं ते सगळं उपटून टाकायचं म्हटलं, तर दसऱ्याच्या तोरणातला झेंडू जाईल, कारण तो मेक्सिकोचा. मिरची, बटाटा, भुईमूग, पेरू, सीताफळ, चिकू आणि काजू अमेरिका खंडातले, गुलमोहर मादागास्करचा. यांतलं बहुतेक सगळं आपल्या शेतात, परसात, रस्त्याच्या कडेला निमूट उभं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या आयपीबीईएस या जैवविविधतेच्या शास्त्रीय मंचाने 2023 मध्ये जगभरचा हिशेब मांडला. माणसाने नव्या ठिकाणी नेऊन रुजलेल्या प्रजाती 37,000 हून अधिक, त्यांतल्या घातक ठरलेल्या 3,500 हून अधिक. वनस्पतींमध्ये हे प्रमाण जेमतेम 6 टक्के, कीटक-गोगलगायींसारख्या अपृष्ठवंशी प्राण्यांत मात्र 22 टक्के. परकं येणं, रुजणं आणि मग पसरून इतरांना संपवणं हे तीन वेगळे टप्पे आहेत, आणि बहुतेक पाहुणे तिसऱ्यापर्यंत पोचत नाहीत. पण जे पोचतात त्यांचा हिशेब भारी असतो. याच अहवालानुसार 2019 मध्ये आक्रमक प्रजातींनी जगाचं 423 अब्ज डॉलरहून अधिक नुकसान केलं.

आपल्याकडे या तिसऱ्या टप्प्याचा मानकरी म्हणजे गाजर गवत. ते गवत नाही आणि गाजराशीही त्याचं नातं नाही. सूर्यफुलाच्या कुळातलं रोपटं आहे ते, पानं तेवढी गाजरासारखी. खेड्यापाड्यांत त्याला काँग्रेस गवत म्हणतात आणि त्यामागची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. काँग्रेसच्या राजवटीत पीएल-480 या अन्नमदत योजनेचा लाल गहू अमेरिकेतून आला, त्या पोत्यांतून हे बी आलं. गोष्ट इतकी घट्ट बसली आहे, की शाळेच्या भाषणांतही ती येते. आता तारखा लावून बघा. आर. एस. राव यांनी या वनस्पतीची पुण्यातली नोंद प्रसिद्ध केली 1956 मध्ये. भारताने पीएल-480 खाली पहिला करार केला ऑगस्ट 1956 मध्ये. करारातला गहू उतरायच्या आधीच झाड पुण्यात उभं होतं. अर्थात 1951 मध्येही अमेरिकेने कर्जाऊ गहू दिला होता, त्यामुळे धान्यातून बी आल्याची शक्यता पुसता येत नाही. पण गंमत पुढेच आहे. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानातल्या झाडांची यादी विल्यम रॉक्सबर्गने 1814 मध्ये छापली, त्यात पार्थेनियम, म्हणजे हेच गाजर गवत, आहे. म्हणजे काँग्रेस पक्ष जन्मायच्या सत्तर वर्षं आधी काँग्रेस गवत भारतात आलेलं होतं. एखाद्या प्रजातीची पहिली नोंद म्हणजे तिचं पहिलं आगमन नव्हे, आणि आगमनही एकदाच होतं असं नाही. जुन्या याद्या, कागदावर चिकटवलेली वाळकी रोपं, त्यावरच्या तारखा यांतून हा माग काढावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, आणि गव्हाच्या गोष्टीइतकं रंगत नाही.

गाजर गवताला आवरायला मेक्सिकोतला एक भुंगा आणून 1984 मध्ये बंगळुरूत सोडला गेला. तो पावसाळ्यात पानं फस्त करतो, कोरड्या दिवसांत जमिनीत जाऊन निजतो. काही ठिकाणी लोकांनी टाकळ्याच्या जवळची कॅशिया युनिफ्लोरा पेरली, कारण ती गाजर गवताला मागे सारते. सारते खरी, पण तीही अमेरिकेचीच आहे आणि आता रस्त्यांच्या कडा तिने धरल्या आहेत.

आता टेकडीवर चला. पुण्याच्या टेकड्या पूर्वी उघड्या-बोडक्या होत्या, आता हिरव्या झाल्या, हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. मीही सकाळी फिरायला जाताना तेच म्हणायचो. ही हिरवाई बरीचशी गिरिपुष्पाची, म्हणजे उंदीरमारीची. मध्य अमेरिकेतलं झाड. वाळक्या मुरमातही तग धरतं, म्हणून वनीकरणात सढळ हाताने लावलं गेलं. शेताच्या बांधावर ते उत्तम, कारण त्याचा पाला नत्राने भरलेला असतो आणि मातीत चांगलं कुजतो. तेच झाड टेकडीवर दाटीने लावलं, की खाली गवत उरत नाही. आणि इथे गवत हीच मूळ वस्ती होती.

सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस झपाट्याने कमी होतो. तिथला मुलूख म्हणजे तुटलेलं जंगल नव्हे. तो मुळातच माळ आहे. कुसळी, पवन्या, मारवेल, मध्ये एखादा हिवर, बोर, खैर. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक पक्षी यांना हाच मोकळा माळ लागतो. सरकारी नकाशात मात्र अशा जमिनीला बहुधा ‘पडीक’ म्हणतात, आणि पडीक दिसली की कुणाच्याही हाताला खड्डे खणायची खाज सुटते. आशीष नेर्लेकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात केलेल्या अभ्यासात दिसलं, की नांगरटीने आणि वृक्षलागवडीने या माळरानांतल्या मूळ वनस्पतींचे समुदाय विस्कटतात. पण माळ हा जंगलतोडीतून झाला, असा आक्षेप येतोच. त्यावर नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी 2025 मध्ये वेगळाच पुरावा काढला: तेराव्या शतकापासूनचं मराठी वाङ्मय, ओव्या आणि दैवतांच्या कथा. त्यांत उल्लेख आलेल्या 44 रानटी वनस्पतींपैकी जवळपास दोन तृतीयांश माळरानातल्या निघाल्या. म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वीही मेंढ्यांमागे चालणाऱ्या माणसाला काट्याकुट्यांचा उघडा माळच दिसत होता. मला हा अभ्यास फार आवडला, कारण त्याने प्रयोगशाळेइतकंच आजीच्या जात्याला गांभीर्याने घेतलं.

माशांकडे वळू. चिलापी हा उजनीचाच मासा, असं समजणारे भिगवणला पुष्कळ भेटतील. धरणाकाठची चिलापी फ्राय इतकी प्रसिद्ध आहे, की ती बाहेरची हे कुणाला सुचत नाही. मोझांबिकची ही चिलापी भारतात 1952 मध्ये आणली गेली. गंमत अशी, की तिच्या स्वतःच्या घरी, आफ्रिकेत, ती आता असुरक्षित प्रजातींच्या लाल यादीत आहे. तिथे सोडलेल्या नाइल नदीच्या चिलापीशी संकर होऊन तिचं शुद्ध रक्त हरवत चाललंय. थाई मांगूर नावाने विकला जाणारा मासा थायलंडचा नाही, तोही आफ्रिकेचा. केंद्राने 2000 मध्येच त्याच्यावर बंदी घातली, तरी तळी चालूच राहिली, म्हणून 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला पुन्हा आदेश काढावा लागला. गप्पी मासे आरोग्य खातं डासांसाठी वाटतं. ते दक्षिण अमेरिकेचे आहेत. घरच्या टाकीत किंवा बंद हौदात सोडले तर ठीक, पण ‘पुण्य लागेल’ म्हणून नदीत, ओढ्यात, सड्यावरच्या डबक्यात सोडू नयेत. तिथे ते बेडकांची आणि इतर माशांची अंडीही खातात. डासांच्या अळ्या खाणारे आपले स्थानिक छोटे मासे त्या ओढ्यात आधीपासून असतातच. हे सांगितलं, तरी नदीतून मासे कमी झाले त्याला परकेच जबाबदार, असं म्हणणं म्हणजे महापालिकेच्या मैलापाण्याला मोकळं सोडणं आहे.

जलपर्णीचंही तेच. पवना, इंद्रायणी, पंचगंगा हिरव्या गालिच्याने झाकल्या, की दरवर्षी ती काढायची निविदा निघते. अॅमेझॉनच्या खोऱ्यातली ही वनस्पती सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसते. ‘ती पाणी शुद्ध करते’ यात तथ्य आहे, पण ती वेळेवर उचलली तर. नदीतच सडली तर शोषलेलं सगळं पुन्हा पाण्यात, वर प्राणवायूही संपतो. मैलापाणी येत राहिलं तर काढलेल्या जागी ती काही आठवड्यांत परत भरते, कारण तिचं बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. तिच्यापासून टोपल्या करा, कागद करा, हा सल्ला चांगला आहे, पण ज्याच्या टोपल्या विकल्या जातात त्याला जलपर्णी संपायला नकोच असते.

घाणेरी, कुणी तिला टणटणी म्हणतं, ती युरोपातल्या बागांत संकर करून रंगीबेरंगी केलेलं शोभेचं झुडूप म्हणून आली. निनाद मुंगी, कमर कुरेशी आणि यादवेंद्रदेव झाला यांनी व्याघ्रगणनेच्या क्षेत्रपाहणीतून 2020 मध्ये काढलेला अंदाज असा, की देशातलं 44 टक्के जंगल तिच्या धोक्याखाली आहे. तिला जाळलं तर ती मुळापासून दुप्पट फुटते, वरून छाटली तरी तेच. दिल्लीचे सी. आर. बाबू यांनी सोपी युक्ती दाखवली. जमिनीच्या जरा खाली, जिथून नवे फुटवे येतात त्याच्याही खाली मुख्य मूळ कुदळीने तोडायचं आणि झुडूप तिथेच उलटं टाकायचं. मग रिकाम्या जागी स्थानिक गवत लावायचं. आणि पुढची काही वर्षं, दर पावसाळ्यात, पक्षी ज्या झाडांवर बसतात त्यांच्या खाली जाऊन उगवलेली रोपं हाताने उपटायची. कारण घाणेरीची काळी फळं खाऊन तिथे बी टाकणारा बुलबुल मात्र इथलाच, अगदी शंभर टक्के स्थानिक.