पेंग्विनच्या आतड्यातला पट्टकृमी आणि डॉक्टर अ‍ॅटकिन्सन

डिसेंबर १९१०मध्ये ‘टेरा नोव्हा’ हे जहाज दक्षिण महासागरातल्या तरंगत्या बर्फात तीन आठवडे रखडले होते. कोळसा संपत चालला होता आणि कॅप्टन स्कॉट वैतागला होता. त्याच्या त्या दिवसांच्या दैनंदिनीत बर्फाच्या आणि कोळशाच्या हिशेबांमध्येच एक निराळी नोंद आहे. जहाजावरच्या डॉ. अ‍ॅटकिन्सनला अ‍ॅडेली पेंग्विनच्या आतड्यात एक नवा पट्टकृमी सापडला. लांबी इंचाचा आठवा भाग, डोके जहाजाच्या पंख्याच्या आकाराचे.

म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर. एवढ्याशा जिवाला ध्रुवाच्या वाटेवर दैनंदिनीत जागा मिळावी, याचे श्रेय शोधणाऱ्याच्या उत्साहाला द्यायला हवे.

स्कॉटची पुढची कहाणी सर्वांना ठाऊक आहे. अमुंडसेन आधी पोचला आणि परतीच्या वाटेवर पाचही जण गेले. एडवर्ड लेस्टर अ‍ॅटकिन्सन या कहाणीत येतो तो शोधपथकाचा म्होरक्या म्हणून, एखाद्या परिच्छेदापुरता. पण नौदलातला हा शल्यवैद्य मोहिमेवर परजीवींचा अभ्यासक म्हणूनही नेमलेला होता. त्याच्या कामाकडे चरित्रकारांनी फारसे पाहिलेले नाही आणि हा अन्यायच आहे.

जहाजावर कृमींची जाण असलेला आणखी एक डॉक्टर होता, एडवर्ड विल्सन. पेंग्विनची चित्रे काढणारा म्हणून तो लोकांच्या लक्षात आहे. मात्र मोहिमेआधीची काही वर्षे तो ब्रिटनच्या माळरानांवर ग्राउज पक्षी का मरतात ते शोधत होता. त्यासाठी त्याने सुमारे २००० पक्षी फाडून तपासले. त्यांच्या अंधांत्रात केसासारख्या बारीक गोलकृमींचे थवे निघत. त्या चौकशीचा दोन खंडांचा अहवाल १९११मध्ये छापून आला, तेव्हा विल्सन अंटार्क्टिकात होता.

पक्ष्याच्या पोटातून कृमी काढायचा तर पक्षी ताजा हवा. यजमान थंड पडला की कृमी सडू लागतो, आणि ध्रुवावर तर तो गोठूनही जातो. आतडे कात्रीने लांबीच्या दिशेने उघडायचे, मिठाच्या पाण्यात हळूहळू धुवायचे आणि ते पाणी काळ्या बशीत ओतून बघायचे. काळ्यावर पांढरा धागा दिसला तरी चिमट्याने ओढायचा नाही. डोके आतड्याच्या अस्तराला घट्ट धरून असते. ओढले की धड हातात येते, डोके मागे राहते आणि नमुना जवळपास वाया जातो. पेंग्विनमधलाच पॅरॉर्किटीस झेडेरी हा पट्टकृमी तर आतड्याच्या भिंतीत बोगदा करून डोके आत रोवतो आणि तिथे गाठ धरते. तो हवा असेल तर भिंतीचा तुकडाच कापून घ्यावा लागतो.

त्यापुढचे काम टेबलावरचे. कृमी अल्कोहोलमध्ये टिकवायचा, कार्मिनने रंगवायचा, काचपट्टीवर बसवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजमाप घ्यायचे. डोक्यावर आकडे आहेत का, चूषक कसे आहेत, पक्व खंडात वृषणे किती, जननछिद्र कोणत्या बाजूला, हे सगळे नोंदायचे. टेट्राबॉथ्रियस या प्रजातीत आकडे नसतात. चार चूषक असतात आणि त्यांना कानासारख्या पाळ्या असतात.

एवढे झाले तरी जात नवी ठरत नाही. त्यासाठी आधी छापलेली सगळी वर्णने चाळावी लागतात. झेडेरीचे वर्णन विल्यम बेर्डने १८५३मध्येच केले होते. स्कॉटच्या आधीच्या ‘डिस्कव्हरी’ मोहिमेतल्या सीलमधून आर्थर शिप्लीने १९०७मध्ये दोन पट्टकृमी नोंदवले आणि त्यांना स्कॉट व विल्सन यांची नावे दिली. बर्फात अडकलेल्या जहाजावर असा ग्रंथसंग्रह कुठला असणार? दैनंदिनीतला ‘नवा’ हा शब्द खरा आहे की नाही, ते लंडनमध्येच ठरणार होते.

त्याआधी दोन हिवाळे काढायचे होते. केप इव्हान्सच्या लाकडी घरात अ‍ॅटकिन्सनचे सूक्ष्मदर्शकाचे टेबल होते. बर्फाला भोक पाडून सोडलेल्या सापळ्यांत मासे मिळत आणि तो त्यांच्यातले कृमी काढी. ४ जुलै १९११ रोजी तो हिमवादळात वाट चुकला आणि कित्येक तास भटकत राहिला. मोहिमेचा छायाचित्रकार पाँटिंग याने काढलेल्या छायाचित्रात त्याच्या हाताची बोटे हिमदंशाच्या फोडांनी टरारलेली दिसतात. पुढल्या हिवाळ्यात तळाची सूत्रे त्याच्याकडे आली. मोहिमेचीच दुसरी, कँपबेलची तुकडी उत्तरेला अडकली होती आणि ती जिवंत असण्याची आशा होती. स्कॉटच्या तुकडीबद्दल ती उरली नव्हती. आधी कोणाला शोधायचे? सहकाऱ्यांचा कौल घेऊन पथक दक्षिणेला निघाले. १२ नोव्हेंबर १९१२ रोजी चार्ल्स राइट या कॅनेडियन भौतिकशास्त्रज्ञाला बर्फातून डोकावणारे तंबूचे टोक दिसले. अ‍ॅटकिन्सन आत गेला, त्याने स्कॉटची दैनंदिनी वाचली आणि सर्वांना घडलेले सांगितले.

१९१४मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात रॉबर्ट लायपर आणि अ‍ॅटकिन्सन यांचा शोधनिबंध आला. लायपर लंडनच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधला कृमिशास्त्रज्ञ होता. त्या निबंधातल्या नावांची यादी म्हणजे मोहिमेचा हजेरीपटच आहे. माशांतल्या पर्णकृमींना ओट्स, पेनेल आणि चेरी-गॅरार्ड यांची नावे मिळाली, सीलमधल्या एका पट्टकृमीला लॅशलीचे. शार्कमधल्या गोलकृमीच्या प्रजातीला तर जहाजाचेच नाव मिळाले, टेरानोव्हा. आणि पेंग्विनमधला पट्टकृमी झाला टेट्राबॉथ्रियस राइटी.

व्यक्तींच्या नावांवरून कृमीबद्दल काहीच कळत नाही, हा आक्षेप बरोबर आहे. तरीही तंबूत जाऊन आलेल्या माणसाने तंबू आधी पाहणाऱ्याचे नाव पेंग्विनच्या कृमीला द्यावे, याला कोणता नियम आड येणार? स्कॉटबरोबरच्या पाचांतला ओट्स तर परतीच्या वाटेवर वादळात निघून गेला आणि त्याचे शव कधीच मिळाले नाही. त्याच्या नावाचा कृमी मात्र दक्षिण महासागरातल्या माशांत आजही सर्रास सापडतो. तो आता एलिट्रोफॅलॉइडीस या १९५५मध्ये निर्माण झालेल्या प्रजातीत आहे. पेनेलचा कृमी १९८२च्या मॅक्विकॅरियात गेला. राइटी मात्र मूळच्याच प्रजातीत आहे.

निबंध आला त्याच वर्षी लायपर आणि अ‍ॅटकिन्सन शिस्टोसोमा या परजीवी कृमीच्या शोधात चीनला गेले, पण महायुद्धाने ते काम तुटले. लायपरने १९१५मध्ये इजिप्तमध्ये याच कृमीमुळे होणारा बिलहार्झिया पसरवणाऱ्या गोगलगायी शोधून नाव कमावले. अ‍ॅटकिन्सन युद्धावर गेला. १९१८मध्ये डोव्हर बंदरात ‘ग्लॅटन’ या युद्धनौकेवर स्फोट झाला, तेव्हा स्वतः जबर जखमी असूनही त्याने खलाशांना बाहेर काढले आणि त्यात एक डोळा गमावला. त्यासाठी त्याला अल्बर्ट पदक मिळाले. १९२९मध्ये जहाजावरच त्याचा मृत्यू झाला.

आज अभ्यासासाठीही परवान्याशिवाय पेंग्विन मारता येत नाहीत. अंटार्क्टिक कराराच्या नियमांमुळे संशोधक बहुधा मेलेल्या पक्ष्यांवर भागवतात आणि अल्कोहोलमधल्या तुकड्यांतून डीएनए काढतात. पण डीएनएचा क्रम हाती आला तरी तो कोणत्या नावाखाली लावायचा, हे ठरवताना जुने वर्णन उघडावेच लागते. राइटीच्या कुळातल्या एकाही कृमीचे जीवनचक्र अजून पूर्ण उलगडलेले नाही. पहिला यजमान कवचधारी प्राणी असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. अ‍ॅडेली पेंग्विनचे मुख्य खाद्य क्रिल, म्हणून संशय तिकडे जातो.