मुलूख सोडून गेलेल्यांचे दफ्तर

जपानातील हिरोशिमा शहराच्या दक्षिण भागात, जिथे एकेकाळी निहोजिमा नावाचे स्वतंत्र खेडे होते, तिथे हवाई बेटांवर मजुरीसाठी गेलेल्या ग्रामस्थांची स्मृती जपणारे एक छोटेखानी खासगी संग्रहालय आहे; आणि संग्रहालय म्हटले की तलवारी, ताम्रपट व राजवस्त्रे ज्यांच्या डोळ्यांपुढे येतात त्या आपल्यासारख्यांना, ऊसमळ्यात राबलेल्या कुणब्यांची हकीकतही जतनास पात्र ठरावी, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

1885 साली सरकारच्या संमतीने आणि तीन वर्षांच्या कराराने ही माणसे जाऊ लागली, व पुढील दशकभरात त्यांची संख्या सुमारे 29,000 झाली. त्यांत हिरोशिमा आणि यामागुची या दोन प्रांतांचा वाटा सर्वांत मोठा होता. रोखीने भरावा लागणारा जमीन महसूल, कोसळलेले शेतमालाचे भाव आणि सावकाराचे देणे ही त्यांच्या जाण्याची कारणे, ज्या पुणे जिल्ह्यात 1875 साली सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या जळाल्या, तिथल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

मराठी माणसाची अशीच कथा मॉरिशसमध्ये आहे. 1834 पासून सुमारे नऊ दशकांत साडेचार लाखांच्या घरात हिंदी मजूर त्या बेटावर उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेल्यांचा हिस्सा कलकत्ता व मद्रासच्या मानाने अल्प, परंतु रत्नागिरी आणि साताऱ्याकडची माणसे त्यातच होती. पोर्ट लुई येथील दगडी पायऱ्यांचा आप्रवासी घाट 2006 साली जागतिक वारसा ठरला. तथापि माझ्या मते त्याहून मोलाचे धन मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारात आहे. तेथील नोंदवह्यांत मजुराचा अनुक्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, जिल्हा आणि गाव असा तपशील कारकुनाने भरलेला असून, पुढच्या काळातील अनेकांची छायाचित्रेही आहेत. बापाचे नाव तेवढे दप्तरी लागले म्हणून तेच पुढे कित्येक घराण्यांचे आडनाव झाले, आणि कोकणातली जाखडी तिथे गणेशोत्सवात ‘झाकरी’ म्हणून आजही नाचली जाते. उतरलेल्या ठिकाणी इतके जतन झाले. निघालेल्या गावांत मात्र त्या माणसांची आठवण घरातल्या वृद्धांबरोबरच सरली. निहोजिमाचे महत्त्व मला वाटते ते याचसाठी, की तिथे निघालेल्या गावानेच आपल्या माणसांची आठवण ठेवली.

कल्याण-नगर रस्त्यावर, ओतूर आणि आळेफाटा यांच्या दरम्यान वसलेल्या पिंपरी पेंढारसारख्या गावास हे अशक्य का असावे? या भागातली माणसे समुद्रापार नव्हे, तर माळशेज उतरून मुंबईस गेली. 1890 च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या डबेवाल्यांच्या व्यवसायात जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या तालुक्यांनी बहुतांश माणसे पुरविली. इतर कितीक गिरण्यांत आणि बाजारपेठांत हमालीला लागले, व एकाच गावच्या माणसांनी एका खोलीत पाळीपाळीने पथारी टाकून वर्षे काढली. त्या खोलीची भाडेपावती, खानावळीच्या हिशेबाची वही, गिरणीचा बिल्ला, आणि मनीऑर्डरच्या कुपनावरच्या चिमुकल्या जागेत दाटून लिहिलेला मजकूर, ज्यात पैशाबरोबर बैलाची, पावसाची आणि आईच्या खोकल्याची चौकशी मावे: हा सारा ऐवज माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत वाळवीच्या तोंडी पडू देणे मला मुळीच मान्य नाही.

गावातील शाळेची एखादी खोली आणि एक जाड नोंदवही एवढ्यावर आरंभ करता येईल. रकाने मोका येथील नोंदवह्यांचेच घ्यावेत, परंतु त्यांत भर घालावी: कोणाच्या ओळखीने गेला, कोणत्या खोलीत राहिला, परत केव्हा आला. शिवाय पाठीमागे जमीन कसणाऱ्या, सावकारांना तोंड देणाऱ्या आणि दोन सणांमध्ये नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बायकांची नावेही, ‘अमक्याची बायको’ असे न लिहिता त्यांच्या स्वतःच्या नावांनी, त्याच वहीत आणि त्याच ओळीत घालावीत.