संत्र्याचा सुगंध आणि मनाची मरगळ

संत्रे सोलताना सालीतून बारीक चिळकांडी उडते आणि क्षणार्धात खोलीभर ताजा, किंचित तिखट वास दरवळतो. ही चिळकांडी भावंडांच्या डोळ्यांत उडवण्याचा खोडसाळपणा बालपणी केला नाही, असा मराठी माणूस विरळाच. त्याच चिळकांडीतले तेल आता गडद काचेच्या इवल्याशा बाटलीतून शहरी घरांत आले आहे. सोबतीला धुके सोडणारे ‘डिफ्यूझर’ नावाचे छोटेखानी यंत्र असते. दगदगीच्या दिवसानंतर पाण्यात चार थेंब टाकावेत, बटण दाबावे आणि चित्तवृत्ती प्रफुल्लित व्हाव्यात, असे आश्वासन विक्रेते देतात. त्यात तथ्य किती?

लिंबूवर्गीय फळांच्या सालीवर जे बारीक ठिपके दिसतात, त्या तेलाच्या पेशी होत. साल दाबून, उष्णता न देता, हे तेल काढले जाते. संत्र्याच्या तेलात 90 टक्क्यांहून अधिक भाग ‘लिमोनीन’ या एकाच द्रव्याचा असतो. बाटलीवर ‘स्वीट ऑरेंज’ आणि ‘सिट्रस सायनेन्सिस’ असे लिहिलेले असेल, तर आतले तेल नागपुरी संत्र्याचे नव्हे. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या ते आपल्या मोसंबीच्या कुळातले आहे. नागपुरी संत्रे ‘सिट्रस रेटिक्युलाटा’, म्हणजे मँडरिन. इटलीतील कॅलाब्रिया प्रांतात पिकणाऱ्या बर्गमॉटचे तेलही लोकप्रिय आहे. ‘अर्ल ग्रे’ चहाचा गंध त्याचाच.

गंधाचा मनाशी संबंध कल्पनेतला नाही. गंधग्राही पेशींचे कार्य उलगडल्याबद्दल रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लिंडा बक यांना 2004 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. दृष्टी वा श्रवणाचे संदेश आधी मेंदूतील ‘थॅलॅमस’ या केंद्रात जातात. गंधाचे संदेश मात्र हे केंद्र टाळून भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित भागांपर्यंत थेट पोहोचतात. म्हणूनच एखादा वास वर्षानुवर्षांपूर्वीचा प्रसंग डोळ्यांपुढे उभा करतो. आपल्याकडे रुग्णाला भेटायला जाताना मोसंबी नेण्याची रीत आहे. ज्याच्या मनात हा वास इस्पितळातील खाटेशी जोडला गेला असेल, त्याला त्याने उल्हास वाटेलच असे नाही.

प्रयोगांतून काय दिसले? व्हिएन्नातील एका दंतचिकित्सालयात 200 रुग्णांवर झालेला अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रतीक्षागृहात संत्र्याचा किंवा लव्हेंडरचा गंध सोडल्यावर रुग्णांची धास्ती कमी झाली आणि मनःस्थिती सुधारली. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातील संशोधन अधिक काटेकोर होते. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 56 जणांना लिंबाचे तेल, लव्हेंडरचे तेल आणि साधे पाणी आळीपाळीने हुंगण्यास दिले. काहींना त्यांच्याकडून कोणता परिणाम अपेक्षित आहे हे सांगितले होते, काहींना नाही. लिंबाच्या वासाने दोन्ही गटांची मनःस्थिती सुधारली. लव्हेंडरने तसे घडले नाही. मात्र वेदना, जखम भरून येण्याची गती, ताणाशी संबंधित संप्रेरके यांवर गंधाचा उपकारक परिणाम आढळला नाही. मन थोडे हलके झाले. शरीराने त्याची फारशी दखल घेतली नाही.

विक्रेत्यांचा आवडता दाखला आहे तो 1995 मधील जपानी अभ्यासाचा. मिए विद्यापीठातील संशोधकांनी नैराश्यग्रस्त रुग्णांना लिंबूवर्गीय गंधाच्या सान्निध्यात ठेवले असता त्यांच्या औषधांची मात्रा बरीच कमी करता आली. हे खरे आहे. परंतु गंध दिलेले रुग्ण होते अवघे 12, आणि मात्रा कमी केली ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तीन दशकांपूर्वीच्या या एवढ्याशा अभ्यासाच्या भरवशावर घरच्या घरी गोळ्या बंद करणे धोक्याचे आहे. औषध अचानक तोडल्यास आजार उलटू शकतो. संध्याकाळची मरगळ आणि नैराश्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांकडे जाणे अगत्याचे. केंद्र सरकारची 2022 मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही सेवा 14416 या क्रमांकावर निःशुल्क उपलब्ध आहे.

यंत्राबाबत एक गैरसमज असा, की सुगंध आला म्हणजे हवा शुद्ध झाली. प्रत्यक्षात हवेत आणखी एका रसायनाची भर पडलेली असते. लिमोनीनचा ओझोनशी संयोग झाला की फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. कडक उन्हाच्या दुपारी शहरांच्या हवेत ओझोनचे प्रमाण वाढते, त्यामुळे दुपारपेक्षा सकाळची वेळ बरी. ओझोन सोडणारे हवा शुद्धीकरण यंत्र त्याच खोलीत तर नकोच. घरात दम्याचा रुग्ण वा तान्हे मूल असेल, तर हा शौक टाळलेला उत्तम. मांजरांच्या यकृताला ही द्रव्ये पचवणे जड जाते, हेही मांजरप्रेमींनी लक्षात ठेवावे.

एरवी 100 मिलिलिटर पाण्याला तीन-चार थेंब, खिडकी किलकिली आणि अर्ध्या तासानंतर यंत्र बंद, एवढे पुरते. काही मिनिटांतच नाक वासाला सरावते. ‘वास येत नाही’ म्हणून पुन्हा थेंब टाकण्याची चूक अनेकजण करतात. तेल ज्वालाग्राही आहे, तेव्हा बाटली शेगडी आणि समईपासून दूर ठेवावी. ते काही प्लास्टिकही खाते. सालीची चिळकांडी फुगवलेल्या फुग्यावर उडवली तर फुगा फुटतो, तो याच गुणामुळे. म्हणून भांडे तेलाला टिकणाऱ्या प्लास्टिकचे आहे ना, ते पाहावे आणि वापरानंतर पुसून कोरडे करावे. त्वचेवर मात्र तेल थेट लावू नये. बर्गमॉटचे तेल लावून उन्हात गेल्यास कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात.

बाटली उघडल्यापासून हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन तेल बिघडू लागते आणि त्यातून अ‍ॅलर्जी उद्भवणारी द्रव्ये तयार होतात. म्हणून झाकण घट्ट लावून बाटली थंड, अंधाऱ्या जागी ठेवावी. वास बदललेले तेल यंत्रात घालू नये. नव्या स्टीलच्या डब्यावर चिकटून राहिलेला लेबलाचा डिंक काढायला ते अजूनही उपयोगी पडते. हातमोजे घालावेत आणि डबा नंतर साबणाने स्वच्छ धुवावा.