झोपेत हात चालला, मग खून कुणी केला?

हेडफोन लावून अंथरुणात पडून ऐकताय ना? आजची गोष्ट झोपेचीच आहे.

मे १९८७. कॅनडातल्या टोरांटोजवळ राहणारा केनेथ पार्क्स, वय २३, टीव्ही बघता बघता सोफ्यावर झोपला. पहाटे तो उठला, गाडी काढली, साधारण २३ किलोमीटर चालवत सासूसासऱ्यांच्या घरी गेला आणि दोघांवर हल्ला केला. सासू मेली, सासरे कसेबसे वाचले. तिथून हा थेट पोलीस स्टेशनात. आपल्या हातून माणसं मेली असावीत असं म्हणाला. त्याचे स्वतःचे हात इतके कापले होते की आतले स्नायुबंध तुटलेले, पण दुखतंय याची जाणीवच दिसेना.

बचाव काय? मी झोपेत होतो.

तुम्ही म्हणाल, काय थापा मारतो! सरकारी पक्षही तेच म्हणत होता. त्यात हा जुगारात बुडालेला, ऑफिसचे पैसे लंपास केल्यामुळे नोकरी गेलेली. पण सासूसासऱ्यांशी त्याचं उत्तम जमायचं आणि त्यांना मारून हाती काही लागणार नव्हतं. घराण्यात झोपेत चालणारे, बडबडणारे बरेच. झोपेच्या तज्ज्ञांनी साक्ष दिली आणि ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. १९९२ मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टानेही ते कायम ठेवलं.

मला स्वतःला हा निकाल पटतो, पण घशात अडकतो. पटतो, कारण आपण हाताला दोष देत नाही, हात चालवणाऱ्याला देतो, आणि इथे चालवणारा जागेवरच नव्हता. अडकतो, कारण एका बाईचा जीव गेला आणि जबाबदार कुणीच नाही.

आता हीच फूटपट्टी दुसरीकडे लावून बघू. दारू पिऊन कुणाला मारलं आणि सकाळी काहीच आठवत नाही. हाही ‘जागेवर नव्हता’ना? आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं कलम २३ इथे फरक करतं. नकळत किंवा जबरदस्तीने नशा दिली गेली आणि आपण काय करतोय हेच कळेनासं झालं, तर माफी. स्वतःहून प्यायलास, तर त्या कलमाची ढाल नाही. म्हणजे कायदा फक्त त्या क्षणाकडे बघत नाही, थोडं मागे जातो: पहिला ग्लास उचलताना तू शुद्धीत होतास ना?

पार्क्सच्या बाबतीत असं मागे जाता येत नाही. सोफ्यावर डोळा लागला, इतकंच त्याने केलं होतं. पण समजा, या निकालानंतर तो पुन्हा तसाच झोपला असता, गाडीची चावी उशाशी ठेवून? किंवा जवळचंच घ्या. रात्री एक्सप्रेसवेवर ड्रायव्हरचा डोळा लागतो. धडक बसते तेव्हा तोही झोपेतच असतो. पण त्याआधी चार जांभया आल्या होत्या, फूड मॉलचा बोर्ड दिसला होता, आणि तो थांबला नव्हता.