विश्लेषण : डीलरशिप संपली, मग ब्रँडच्या नावाची वेबसाइट कोणाची?

एखाद्या कंपनीची एजन्सी मिळाली की दुकानाच्या पाटीवर, व्हिजिटिंग कार्डवर आणि वेबसाइटवर त्या कंपनीचे नाव झळकू लागते. एजन्सी गेली की पाटी उतरते, कार्डे रद्दीत जातात. वेबसाइट मात्र अनेकदा सुरूच राहते. कारण तिचे नाव, म्हणजे डोमेन, वितरकाने स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्याच नावावर घेतलेले असते. ट्रेडमार्क एकाचा आणि डोमेन दुसऱ्याचे, अशा वादांवर गेली २५ वर्षे जगभर निवाडे होत आहेत. ते कोणत्या निकषांवर होतात आणि भारतातील नियम कुठे वेगळा पडतो, याविषयी...

वाद मुळात का उद्भवतो?

डोमेनची नोंदणी ‘प्रथम येईल त्याला प्रथम’ या तत्त्वावर होते. नाव शिल्लक असेल आणि शुल्क भरले तर काही मिनिटांत ते मिळते. ते नाव कोणाचा ट्रेडमार्क आहे का, हे नोंदणी करणारी कंपनी, म्हणजे रजिस्ट्रार, तपासत नाही. ट्रेडमार्कची नोंदणी देशानुसार आणि मालाच्या वर्गानुसार होत असल्याने एकच नाव वेगवेगळ्या धंद्यांत वेगवेगळ्या मालकांकडे असू शकते. डोमेनचे तसे नाही. एक विशिष्ट डॉट कॉम नाव साऱ्या जगात एकाच वेळी एकाच धारकाकडे असते.

एजन्सीचे दिवस चांगले असतात तेव्हा वितरकाने ब्रँडच्या नावापुढे शहराचे नाव किंवा ‘पार्ट्स’, ‘सर्व्हिस’ असा शब्द जोडून डोमेन घेतले तरी कंपनी हरकत घेत नाही. तिची फुकट जाहिरातच होत असते. पुढे वेबसाइट गुगलवर वर येते, चौकशीचे फोन तिच्यावरून येऊ लागतात, ऑर्डर आणि बिलांचे ईमेलही त्याच डोमेनवर चालतात. संबंध तुटले की कंपनी म्हणते, ग्राहक आमच्या नावामुळे आले. वितरक म्हणतो, वेबसाइट मी उभी केली, ग्राहक माझ्या सेवेमुळे टिकले. दोघांच्या म्हणण्यात तथ्य असते. फटका बसतो तो ग्राहकाला. अधिकृत विक्रेता समजून तो वस्तू घेतो आणि वॉरंटीच्या वेळी त्याला नकार मिळतो.

असे वाद कुठे सोडवले जातात?

डॉट कॉम, डॉट नेट यांसारख्या नावांसाठी ‘आयकॅन’ या संस्थेने १९९९ मध्ये एक समान धोरण स्वीकारले. ते ‘यूडीआरपी’ या नावाने ओळखले जाते. डोमेन घेताना ज्या अटींना ‘मान्य’ म्हणून पुढे जावे लागते, त्यांतच या धोरणाला दिलेली संमती असते. जागतिक बौद्धिक संपदा संघटना, म्हणजे ‘वायपो’, ही अशा तक्रारी हाताळणारी प्रमुख संस्था आहे. २०२३ या एका वर्षात तिच्याकडे डोमेनविषयक सहा हजारांहून अधिक तक्रारी आल्या.

ही प्रक्रिया कागदपत्रांवर चालते. एक ते पाच डोमेनसाठी एकसदस्यीय पॅनेलचे वायपोचे शुल्क १,५०० डॉलर आहे. प्रतिवादीला उत्तरासाठी २० दिवस मिळतात. पॅनेल नुकसानभरपाई देत नाही. डोमेन रद्द करणे किंवा तक्रारदाराकडे सोपवणे, एवढेच त्याच्या हाती असते. निकाल विरोधात गेल्यास कामकाजाच्या दहा दिवसांत न्यायालयात दावा लावून डोमेनधारक अंमलबजावणी थांबवू शकतो.

जिंकण्यासाठी कंपनीला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. डोमेन तिच्या ट्रेडमार्कसारखे किंवा संभ्रम होईल इतके जवळचे आहे. धारकाचा त्यावर हक्क किंवा रास्त हितसंबंध नाही. आणि त्याची नोंदणी व वापर दुर्हेतूने झाला आहे. माजी वितरकाच्या प्रकरणात पहिली गोष्ट सहज सिद्ध होते. खरी झुंज पुढच्या दोन मुद्द्यांवर होते.

‘ओकी डेटा’ प्रकरण का महत्त्वाचे?

वितरकांच्या वादात आजही सर्वाधिक दाखला दिला जातो तो २००१ मधील ‘ओकी डेटा अमेरिकाज विरुद्ध एएसडी’ या वायपोच्या निवाड्याचा. एएसडी ही ओकी डेटा प्रिंटरची अधिकृत विक्रेता व दुरुस्ती कंपनी होती. तिने ‘ओकीडेटापार्ट्स डॉट कॉम’ हे डोमेन घेतले होते. कंपनीने ते परत मागितले. पॅनेलने तक्रार फेटाळली. आपण विकत असलेल्या वस्तूचे नाव डोमेनमध्ये वापरण्यात विक्रेत्याचा रास्त हितसंबंध असू शकतो, असे मान्य करताना पॅनेलने चार कसोट्या घालून दिल्या.

१. विक्रेता तो माल किंवा त्याची सेवा खरोखर देत असावा.
२. त्या वेबसाइटवर फक्त त्याच ब्रँडचा माल असावा. ब्रँडच्या नावाने ग्राहक ओढून त्याला स्पर्धकाचा माल दाखवणे चालणार नाही.
३. ट्रेडमार्कच्या मालकाशी आपले नाते काय, हे वेबसाइटवर स्पष्ट व खरे सांगितलेले असावे.
४. त्या ब्रँडची सगळी डोमेन अडवून ठेवण्याचा प्रयत्न नसावा.

एएसडी या चारही कसोट्यांवर उतरली. पुढे कंपनीशी कोणताही करार नसलेल्या विक्रेत्यांनाही पॅनेलांनी याच कसोट्या लावल्या. मात्र डोमेन ब्रँडच्या नावाशी तंतोतंत सारखे असेल, मागे-पुढे एकही शब्द नसेल, तर विक्रेत्याची बाजू लंगडी पडते. असे नाव पाहणारा ती कंपनीचीच वेबसाइट समजतो.

एजन्सी संपल्यावर काय बदलते?

सर्वांत आधी तिसरी कसोटी धोक्यात येते. ‘अधिकृत विक्रेते’ ही ओळ करार असेपर्यंत खरी असते. करार संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती दिशाभूल ठरते. अनेक माजी वितरक दुसरी एजन्सी घेतात आणि जुन्या वेबसाइटवर नव्या कंपनीचा माल लावतात. तिथे दुसरी कसोटीही मोडते. काही जण डोमेन सोडण्यासाठी खर्चापेक्षा कितीतरी जास्त रक्कम मागतात. नोंदणी मुळात त्याच हेतूने झाली असेल, तर तो दुर्हेतूचा पुरावा मानला जाईल असे यूडीआरपीतच नमूद आहे.

तरीही कंपनी हरू शकते आणि त्याचे कारण ‘आणि’ या एका शब्दात आहे. यूडीआरपीनुसार नोंदणी दुर्हेतूने झालेली असावी ‘आणि’ वापरही दुर्हेतूने होत असावा. वितरकाने एजन्सी सुरू असताना, कंपनीला माहीत असताना, तिचाच माल विकण्यासाठी डोमेन घेतले असेल, तर त्या दिवशी त्याचा हेतू वाईट होता असे म्हणता येत नाही. नंतरच्या गैरवापराने आधीची नोंदणी दूषित होत नाही, अशीच पॅनेलांची सर्वसाधारण भूमिका आहे. दरवर्षीचे नूतनीकरणही नवी नोंदणी मानले जात नाही.

याउलट, डोमेन फक्त कंपनीच्या नावावर घ्यायचे अशी अट करारात असताना वितरकाने ते गुपचूप स्वतःच्या नावावर केले असेल, तर नोंदणीच्या क्षणीच दुर्हेतू होता असे पॅनेल म्हणू शकते. दोघांमध्ये येणे-देणे, करारभंग, तोंडी संमती असे मुद्दे गुंतलेले असतील तर हा वाद न्यायालयात न्या, असे सांगून पॅनेल तक्रार फेटाळते. साक्षी-उलटतपासणीविना चालणारी ही प्रक्रिया अशा वादांसाठी बनलेलीच नाही.

भारतात नियम वेगळा कसा?

डॉट इन आणि डॉट भारत या डोमेनचे वाद ‘निक्सी’ या संस्थेच्या ‘आयएनडीआरपी’ धोरणाखाली लवादाकडे जातात. २००५ मध्ये आलेल्या या धोरणाचा सांगाडा यूडीआरपीसारखाच आहे. फरक आहे तो तिसऱ्या अटीत. इथे नोंदणी ‘किंवा’ वापर, यांपैकी एक दुर्हेतूने झालेला असला तरी पुरते.

माजी वितरकासाठी हा फरक निर्णायक आहे. समजा, एकाच विक्रेत्याने एजन्सीच्या काळात एका ब्रँडच्या नावाची डॉट कॉम आणि डॉट इन अशी दोन डोमेन घेतली आणि एजन्सी गेल्यावर दोन्हींवर स्वतःला अधिकृत म्हणवणे सुरूच ठेवले. डॉट कॉमसाठी कंपनीला नोंदणीच्या दिवशीचा हेतू सिद्ध करावा लागेल. डॉट इनसाठी आजचा गैरवापर दाखवला तरी भागेल. लवादाच्या निर्णयाला लवाद कायदा, १९९६ च्या कलम ३४ खाली न्यायालयात आव्हान देता येते.

न्यायालयांची भूमिका काय?

भारतात डोमेनसाठी स्वतंत्र कायदा नाही. पण डोमेन म्हणजे केवळ इंटरनेटवरचा पत्ता नव्हे, ही भूमिका न्यायालयांनी लवकरच घेतली. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ‘रेडिफ’च्या बाजूने निकाल देत ‘रॅडिफ’ या नावाच्या डोमेनला मनाई केली. ‘सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केले की, डोमेनलाही ‘पासिंग ऑफ’च्या तत्त्वाचे, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवण्याविरुद्धचे, संरक्षण मिळते.

वितरकांसाठी ट्रेडमार्क कायदा, १९९९ मधील दोन कलमे महत्त्वाची आहेत. कलम १४६ प्रतिनिधी किंवा एजंटने मालकाच्या परवानगीविना त्याचा ट्रेडमार्क वापरला किंवा स्वतःच्या नावावर नोंदवला, तर काय करता येईल हे सांगते. मालक ती नोंदणी रद्द करून घेऊ शकतो किंवा स्वतःच्या नावावर करून मागू शकतो. मात्र ही बाब समजल्यापासून तीन वर्षांच्या आत पाऊल उचलावे लागते. दुसरीकडे, कलम ३० कायदेशीर मार्गाने घेतलेला अस्सल माल पुढे विकण्याची मुभा देते. समांतर आयात केलेल्या सॅमसंग प्रिंटरच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२ मध्ये विक्रीला परवानगी दिली. पण या मालाला सॅमसंगची वॉरंटी नाही, हे दुकानात ठळकपणे लिहिण्याची अट घातली.

अमेरिकेतही सूर असाच आहे. लेक्सस मोटारींच्या एका दलालाने ‘बाय-अ-लेक्सस डॉट कॉम’ असे डोमेन घेतले होते. टोयोटाने दावा लावला. लेक्सस मोटारी विकतो हे सांगायला लेक्सस हा शब्द वापरावाच लागतो, असे मान्य करून अपील न्यायालयाने २०१० मध्ये सरसकट बंदी उठवली. थोडक्यात, एजन्सी गेली म्हणून उरलेला अस्सल माल विकणे गुन्हा ठरत नाही. कंपनीचा माणूस असल्याचे भासवणे मात्र चालत नाही.

खबरदारी काय घ्यावी?

यांतील बहुतेक वाद करारातील दोन-तीन ओळींनी टळले असते. डोमेन कोणाच्या नावावर राहील, नूतनीकरणाचे पैसे कोण भरेल आणि करार संपल्यावर किती दिवसांत ते हस्तांतरित होईल, हे एजन्सी देतानाच लिहून घेणे कंपनीच्या हिताचे असते. रजिस्ट्रारकडील खात्याला कोणाचा ईमेल आणि कोणाचा मोबाइल जोडला आहे, हेही पाहावे लागते. ओटीपी ज्याच्या फोनवर येतो, प्रत्यक्ष ताबा त्याचाच असतो.

वितरकाने स्वतःच्या दुकानाच्या किंवा फर्मच्या नावाने डोमेन घ्यावे आणि ब्रँडची नावे आतल्या पानांवर द्यावीत. उद्या एजन्सी बदलली तरी वेबसाइट, तिच्यामागची मेहनत आणि ईमेलचा पत्ता त्याच्याकडेच राहतो. ब्रँडच्या नावाचे डोमेन गेले तर त्या पत्त्यावर येणारे जुन्या ग्राहकांचे आणि बँकेचे ईमेलही नव्या धारकाच्या हाती पडू शकतात. आधीच असे डोमेन असेल आणि एजन्सी संपली असेल, तर ‘अधिकृत’ हा शब्द त्याच दिवशी काढावा आणि कंपनीशी आता संबंध नसल्याचे पहिल्याच पानावर लिहावे. ईमेल दुसऱ्या पत्त्यावर हलवूनच डोमेन सोडावे.

ग्राहकांनी केवळ वेबसाइटच्या नावात ब्रँड दिसतो म्हणून पैसे भरू नयेत. डोमेन कोणालाही मिळू शकते. विक्रेता आजही अधिकृत आहे का, हे कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरील विक्रेत्यांच्या यादीत किंवा ग्राहक सेवा क्रमांकावर विचारून पाहावे. विशेषतः वॉरंटी असलेली महागडी वस्तू घेताना ही खात्री बिल होण्याआधीच करावी.