दुसऱ्या वाटेची खरेदी

नगरपालिकेला रस्त्यावरचे दिवे घ्यावयाचे असतील तर निविदा काढणे सोपे असते, कारण दिवा लागतो की नाही हे पहिल्याच रात्री समजते. परंतु संकटकाळच्या दूरध्वनीसाठी जी यंत्रणा खरेदी करावयाची, तिची खरी पारख ज्या दिवशी व्हावयाची तो दिवस उगवूच नये, अशी सर्वांची इच्छा असते.

न्यूयॉर्क शहराने १९६८ च्या जुलैमध्ये संकटकाळासाठी ९११ हा क्रमांक स्वीकारला, तेव्हा तारेच्या टोकाला घर असे आणि घराचा पत्ता दूरध्वनी कंपनीच्या दप्तरी असे. मोबाइलने हा संबंध तोडला. नव्या पद्धतीत आवाजाचे अंकीय तुकडे इंटरनेटच्या रीतीने धाडले जातात, आणि त्यांच्यासोबत संकटग्रस्ताचे ठिकाण, लेखी मजकूर, प्रसंगी छायाचित्रही जाऊ शकते. २००३ च्या ऑगस्टमध्ये शहर अंधारात बुडाल्यानंतर जी सुधारणा हाती घेण्यात आली, तीत ब्रुकलिनच्या केंद्राला जोड म्हणून ब्राँक्समध्ये दुसरे केंद्र २०१६ साली चालू झाले. खर्च मात्र मूळ अंदाजपत्रक ओलांडून दोन अब्ज डॉलरांच्या घरात गेला. दिरंगाईवरची टीका रास्तच होती. एकाच कामाला दोन केंद्रे कशाला, ही शंका मात्र रास्त नव्हे.

केंद्रासाठी दूरध्वनीच्या किती वाहिन्या घ्याव्यात, याचे गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील आग्नर एरलांग याने १९१७ साली मांडून ठेवले आहे. तासाला साठ दूरध्वनी येतात आणि प्रत्येक दोन मिनिटे चालतो, असे धरले तर सरासरीने दोन वाहिन्या पुरे, असे कोणीही कारकून सांगेल. पण दोनच घेतल्या तर शंभरातील चाळीस जणांना व्यग्रतेचा सूर ऐकावा लागेल. पाच घेतल्या तर चौघांहून कमी, आणि सात घेतल्या तर सुमारे तीनशेत एक जण विन्मुख जाईल. मात्र या सूत्राने प्रत्येक जण आपल्या स्वतंत्र कारणाने दूरध्वनी करतो असे गृहीत धरले आहे, आणि भूकंप किंवा महापूर हे गृहीतक मानीत नाही.

यंत्रेही अशीच गृहीतकाबाहेर वागतात. एप्रिल २०१४ मध्ये, वादळ नाही की पाऊस नाही अशा वेळी, अमेरिकेच्या सात राज्यांत मिळून एक कोटीहून अधिक लोकांची ९११ सेवा सुमारे सहा तास विस्कळीत झाली आणि ६,६०० हून अधिक दूरध्वनी पोहोचलेच नाहीत. कोलोराडोतील एका केंद्रात येणाऱ्या प्रत्येक दूरध्वनीला अनुक्रमांक देणारा गणक होता. त्याला आखून दिलेली मर्यादा भरली आणि त्याने पुढचा क्रमांक देणे थांबवले. इशारा उमटला, पण तो किरकोळ प्रतीचा ठरलेला असल्याने कोणाच्या डोळ्यांत भरला नाही. मायामीतील जोडकेंद्र धडधाकट असूनही भार आपोआप तिकडे वळला नाही.

म्हणूनच करारनाम्यात दोन तारा निरनिराळ्या चरांतून याव्यात, इमारतीत निरनिराळ्या भिंतींतून शिराव्यात आणि वीज निरनिराळ्या उपकेंद्रांतून मिळावी, एवढ्याने भागत नाही. त्यात आणखी एक शर्त हवी: चाचणीच्या दिवशी पुरवठादाराला पूर्वसूचना न देता पहिले केंद्र बंद करावे, आणि दूरध्वनी विनासायास दुसऱ्या केंद्रात रुजू झाले तरच अखेरचा हप्ता अदा करावा.